तेविसावी ओळ

कप्तानाचं तोंड कधी बंद नसायचं. तो झोपेतही बोलतो असं त्याची आई सांगायची, आणि धाकटी बहीण त्यात भर घालायची की झोपेत तो निदान मुद्द्याचं तरी बोलतो. अशा माणसाला बुद्धिबळासारख्या मुक्या खेळाचं वेड कसं लागलं, हे कोडं घरात कुणालाच सुटलं नव्हतं. आईचं म्हणणं असं की दिवसातले दोन तास तरी घराला शांतता मिळावी म्हणून देवानेच ही सोय करून ठेवली असावी.

त्या दिवशी मात्र स्वतःचा डाव जिंकून अर्धा तास झाला तरी कप्तानाच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं.

विद्यापीठांच्या सांघिक स्पर्धेची अंतिम फेरी होती. त्यासाठी ग्रंथालयातलं वाचनालय रिकामं केलं होतं. खिडक्यांखाली ओळीने चार टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पट, एक घड्याळ आणि दोन डोकी. आकडे दाखवणारी नवी घड्याळं दोनच होती, ती पहिल्या दोन टेबलांनी पटकावली. तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला चावीची जुनी लाकडी घड्याळं आली. या घड्याळांत वेळ संपत आली की मिनिटकाटा एक छोटी तांबडी झेंडी उचलून धरतो, आणि वेळ संपली की ती टपकन खाली पडते. पहिल्या टेबलावर कप्तान जिंकला होता, दुसऱ्यावरचा हरला होता, तिसऱ्यावर बरोबरी झाली होती. म्हणजे दीड-दीड गुण. आधीच्या फेऱ्यांतल्या आघाडीमुळे कप्तानाच्या संघाला चौथ्या टेबलावर नुसती बरोबरी पुरेशी होती, समोरच्यांना मात्र जिंकावंच लागणार होतं. अकरा वर्षं हुलकावणी देणारा चषक अर्ध्या गुणावर येऊन थांबला होता, आणि तो अर्धा गुण भिंगरीच्या हातात होता.

भिंगरी म्हणजे कप्तानाची सख्खी धाकटी बहीण, आणि सगळी मेख तिथेच होती. चौथ्या जागेसाठी निवड-सामने झाले तेव्हा ती आणि कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा अगदी सारख्या गुणांवर आले. या मुलाला पदवी मिळायच्या आधीपासूनच सगळे वकील म्हणत. अशी बरोबरी झाली की निवड कप्तानाने करायची, असा संघाचा रिवाज. कप्तानाने बहिणीला घेतलं आणि वकिलाला राखीव ठेवलं. काळ्या मोहऱ्यांनी ती जास्त चिवट खेळते असं कारण त्याने दिलं, आणि ते खोटं नव्हतं. पण दाढी करताना आरशात बघून तो स्वतःला विचारायचा की ती बहीण नसती तरी घेतलं असतं का, तेव्हा आरशातला माणूस काही उत्तर देत नसे.

वकील काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. क्रीडा विभागाच्या खोलीत, चार माणसांदेखत तो म्हणाला की आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे एक वेळ समजू शकतो, पण इथे दळणारा चांगला डोळस आहे आणि पीठ घरी चाललंय. कप्तानाच्या डोक्यात तिडीक गेली आणि जीभ सुटली. बहिणीमुळे चषक गेला तर त्याच दिवशी कप्तानपद सोडीन आणि पुन्हा या संघात पाऊल ठेवणार नाही, असं तो बोलून बसला. तोंडातून गेलेला शब्द आणि हात लावलेली सोंगटी, दोन्ही परत घेता येत नाहीत. घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

भिंगरीसमोर बसला होता तो गणिताचा विद्यार्थी. त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, कारण तिन्ही दिवस तो एकच करडा मफलर गळ्याला गुंडाळून येत होता आणि सगळे त्याला मफलरच म्हणू लागले होते. मफलर सावकाश खेळायचा, पण एकदा धरलं की सोडायचा नाही. त्याने भिंगरीला अशी काही कोंडीत पकडली की एरवी चुटकीसरशी खेळणारी ही पोर एकेका चालीवर पाच-पाच मिनिटं घालवू लागली. नियम साधा होता. पहिल्या चाळीस चाली दीड तासात व्हायला हव्यात. झाल्या तर पुढे आणखी अर्धा तास मिळतो. नाही झाल्या आणि झेंडी पडली, तर पटावर काहीही असो, डाव गेला.

शेवटच्या दहा चाली तिने पाच मिनिटांत उरकल्या. खेळायची, घड्याळाचं बटण दाबायची, कागदावर लिहायची, की पुन्हा खेळायची. वेळ इतका कमी उरला की चाली लिहिल्या नाहीत तरी चालतं, पण तिने एकही चाल लिहायची सोडली नाही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं त्यांच्या घरातलं ब्रीद होतं. अखेर छापील चाळीस आकड्यासमोर तिने चाल लिहिली, पेनाला टोपण लावलं, एक लांबलचक सुस्कारा सोडला आणि बाटली घेऊन पाणी भरायला निघून गेली. आता पाळी मफलरची होती. तिच्या बाजूची झेंडी जवळजवळ आडवी झाली होती, जेमतेम एक मिनिट शिल्लक होतं. पण चाळीस झाल्यावर त्याची फिकीर कुणाला.

कप्तानालाही हायसं वाटलं. ते सुख दहाएक सेकंद टिकलं असेल. सवयीने त्याची नजर तिच्या कागदावरून वरून खाली फिरली आणि तेविसाव्या ओळीशी अडखळली. ती ओळ कोरी होती.

मधली एक ओळ कोरी, म्हणजे पुढची प्रत्येक चाल एक घर खाली सरकलेली. चाळिसासमोर लिहिलेली चाल खरी तर एकोणचाळिसावी होती. कप्तानाने मफलरच्या कागदाकडे पाहिलं. तिथे कोरी ओळ नव्हती, आणि शेवटची चाल सरळ एकोणचाळिसासमोर लिहिलेली होती. मफलर खेळला की भिंगरीचं घड्याळ सुरू होणार, एका मिनिटात झेंडी पडणार, आणि ती मात्र चाळीस झाल्या म्हणून निवांत बाहेर पाणी पीत असणार.

ती ओळ कोरी का, हे सबंध वाचनालयात एकट्या कप्तानाला ठाऊक होतं. त्यांची आई रुग्णालयात सिस्टर होती. ही दोघं लहान असताना, धड लिहिता येत नव्हतं तेव्हा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचे डाव चालायचे आणि आई एकीकडे भाजी निवडत, वॉर्डातल्या जुन्या रजिस्टरच्या उरलेल्या पानांवर त्यांच्या चाली लिहायची. मध्येच तिची ड्यूटीची वेळ व्हायची, डाव तसाच झाकून ठेवायचा, आणि ती परत आली की खेळ पुढे सुरू. पुढची चाल लिहिताना आई एक ओळ सोडायची. वॉर्डात एक पाळी संपून दुसरी सुरू झाली की असंच करतात, असं तिने सांगितलं होतं. कप्तानाची ती सवय शाळेतल्या स्पर्धांत मोडली. भिंगरीची मोडली नाही. डाव चालू असताना ती उठून आली की तिचं पेन आपसूक एक ओळ सोडायचं. आजवर तिचं कधी काही बिघडलं नाही, कारण घड्याळाशी तिचं वैर आलंच नव्हतं, चाळीस चाली होऊन वर अर्धा तास उरायचा. आज खुर्ची सोडायची नाही असं कप्तानाने तिला बजावून ठेवलं होतं. तिने ते पाळलंही होतं. बाविसाव्या चालीनंतर काय ती एकदाच उठली होती.

तुझ्या डावांना पण ड्यूट्या लागतात का, म्हणून त्याने तिला कितीदा चिडवलं होतं. पण ही सवय मोड, असं एकदाही सांगितलं नव्हतं. आता ते आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शेजारी वकील उभा होता. अशा बाबतीत त्याची नजर मोठी तिखट, त्यानेही ती ओळ टिपली होती. तो कप्तानाच्या कानाशी लागला.

“बाहेर नळावर आहे ती. जाऊन सांगून टाक. कोण बघतंय?”

कप्तानाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळी पंचांनी नियम वाचून दाखवले होते. पंच म्हणजे विद्यापीठातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. डाव चालू असताना खेळाडूला वेळेबद्दल, चालींबद्दल बाहेरच्या कुणी काही सांगायचं नाही, कप्तानाने तर नाहीच. तोंडाने नाही, खुणेने नाही. आणि चष्म्यावरून बघत मास्तरांनी पुस्तकात नसलेलं एक कलम जोडलं होतं, खोकूनही नाही.

नेमका तेव्हाच कप्तानाला खोकला आला. खोटा नव्हे, चांगला खरा, घशाच्या तळातून निघालेला. ओठ आवळून, डोळ्यांत पाणी आणून तो दाराकडे धावला. वाचनालयाला दार एकच होतं, आणि दाराबाहेरच्या बोळात नळ होता हे त्याला पक्कं माहीत होतं. खरं सांगायचं तर खोकला आला नसता तरी त्याचे पाय तिकडेच वळले असते.

भिंगरी बाटली भरत होती. त्याने भिंतीकडे तोंड करून खोकला मोकळा केला. तिने त्याच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या.

“झाल्या एकदाच्या चाळीस,” ती म्हणाली. “सुटले बाई.”

कप्तान वळला. बोळात दोघांखेरीज कुणी नव्हतं. दोनच शब्द पुरे होते, ओळी मोज. तेही नको, नुसतं ‘जा’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते शब्द अगदी दातांच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहिले. जन्मभर नको तेव्हा वळवळणारी जीभ आज पहिल्यांदाच कामाची ठरणार होती, आणि आजच तिला आवरायचं होतं. त्याला वकिलाचं पीठ आठवलं. आता ही जीभ हलली की वकील खरा ठरणार. वकिलाचं एक वेळ जाऊ द्या, पण आरशातल्या त्या माणसाला उत्तर मिळणार, आणि ते जन्मभर पुरणार.

“काय रे दादा, एवढं वाईट खेळले का मी?”

एखाद्याने तोंडात मिठाची गुळणी धरली असं आपण म्हणतो. कप्तानाने साध्या पाण्याची धरली. नळाखाली ओंजळ धरून त्याने गालांत मावेल तेवढं पाणी भरून घेतलं आणि ओठ मिटून उभा राहिला. आता बोलायचं म्हटलं तरी बोलता येणार नव्हतं. भिंगरी त्याच्या फुगलेल्या गालांकडे बघून खांदे उडवत सावकाश आत निघाली. तिच्या मागे चार पावलांवर तो, तसाच, तोंडात पाणी घेऊन.

तिने दारात पाऊल टाकलं आणि आत घड्याळाचा खट असा आवाज झाला. मफलर खेळला होता. तिचं घड्याळ सुरू झालं.

दारापासून चौथं टेबल वीस-बावीस पावलांवर होतं. भिंगरी फेरफटका मारायला निघाल्यासारखी चालत होती. तिसऱ्या टेबलावर संपलेला डाव तसाच मांडलेला होता, तिथे ती चक्क थांबली आणि मान तिरकी करून कोण कुठे चुकलं ते बघू लागली. कप्तानाचे पाय भिंतीपाशी खिळले. मागच्या वर्षी दाढ काढताना झाले नव्हते तेवढे हाल त्या सेकंदांत झाले. मफलर पटावर डोळे लावून बसला होता, आणि कप्तानाला वाटलं, किती पक्का आहे हा, सगळं समजून उमजून गप्प बसलाय, तोंडावर कशी रेषसुद्धा हलत नाही.

भिंगरी खुर्चीवर बसली. बाटलीचं झाकण उघडलं, घोटभर पाणी प्यायली, झाकण लावलं. मफलरची चाल बघितली. पेनाचं टोपण काढलं. ती उठून आली होती, त्यामुळे सवयीप्रमाणे पेन एक ओळ सोडून बेचाळीस आकड्यासमोर टेकलं.

आणि तिथेच थबकलं.

कप्तानाला लांबूनही दिसलं की पेनाचं टोक हवेत उचललं गेलं आणि कागदावरून मागे मागे सरकत तेविसाव्या ओळीवर जाऊन थांबलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती ओरडली नाही, दचकली नाही. तिने पेन खाली ठेवलं, पटाकडे एकदा पाहिलं, आपला राजा उचलून एक घर कोपऱ्याकडे सरकवला आणि घड्याळाचं बटण दाबलं. झेंडी काट्याच्या टोकाला केसाएवढ्या आधाराने लटकत राहिली, पण पडली नाही.

मास्तर पुढे आले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोटाने ओळी मोजल्या, भिंगरीच्या कोऱ्या ओळीवर क्षणभर बोट थांबवलं, आणि चाळीस झाल्याचं दोघांना सांगून घड्याळं पुढच्या अर्ध्या तासासाठी लावली. मागे भिंतीशी कप्तानाने तोंडातलं पाणी घटकन गिळलं. ते एव्हाना चांगलं कोमट झालं होतं.

पुढचा डाव पाऊण-एक तास रेंगाळला, पण त्यातला जीव गेला होता. घाईत सरकवलेला राजा नेमका सुरक्षित जागी जाऊन बसला होता आणि मफलरला आत शिरायला वाट सापडेना. जिंकणं भाग असल्याने त्याने सगळे उपाय करून पाहिले. शेवटी पटावर दोन राजे आणि एकेक हत्ती एवढेच उरले, तेव्हा त्याने मफलर सैल केला आणि बरोबरी देऊ केली. खेळाडूने अशा वेळी कप्तानाला विचारलेलं चालतं, फक्त कप्तानाने हो किंवा नाही एवढंच म्हणायचं. भिंगरी मागे वळली.

“घेऊ का, दादा?”

कप्तानाने जोरजोराने मान हलवली. मास्तर म्हणाले की मान नको, तोंडाने सांगा. दीड तास बंद असलेल्या त्या तोंडातून आधी नुसती हवा बाहेर आली.

“घे,” तो म्हणाला, आणि खाली बसला.

संघातली मुलं भिंगरीभोवती जमली. अकरा वर्षांनी चषक आला होता, कुणी तिचे हात हातात घेत होतं, कुणी घरी फोन लावत होतं. कप्तान मात्र उठून मास्तरांच्या टेबलाशी गेला. निकालाच्या कागदावर अजून सह्या व्हायच्या होत्या. आपण बोललो नाही हे खरं, पण चेहऱ्याचं काय? एरवी अखंड बडबडणारा भाऊ ऐन वेळी गप्प उभा राहतो, यावरून तिला कळलं असेल तर ती खूणच झाली. त्याने मास्तरांना सगळं सांगून टाकलं. तिची चूक त्याला आधीच दिसली होती, बोळात ती भेटली होती, तो तोंडात पाणी धरून उभा होता. हे नियमात बसत नसेल तर आत्ताच काय तो निर्णय द्या, असंही म्हणाला. निर्णय उलटा गेला तर चषक, कप्तानपद आणि बहिणीचं नाव तिन्ही एकदम जाणार होतं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी आधी मफलरला विचारलं की तुमची काही हरकत आहे का. मफलर गोंधळून सगळ्यांकडे बघू लागला.

“ती उठून गेली होती?” त्याने विचारलं.

चाळिसाव्या चालीला आपला उंट कुठे न्यावा एवढंच त्याच्या डोक्यात होतं. समोरची खुर्ची भरलेली आहे की रिकामी, तिच्या घड्याळात किती उरलंय, यातलं काहीही त्याने पाहिलं नव्हतं. त्याला मनातल्या मनात पक्का ठरवल्याबद्दल कप्तानाला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग मास्तरांनी विचारलं की बोळात हे दोघं असताना आणखी कुणी होतं का. कप्तान नाही म्हणणार होता, तेवढ्यात वकील गर्दीतून पुढे आला.

“मी होतो.”

आणि चार वर्षं शिकलेला सगळा कायदा पणाला लावून त्याने साक्ष दिली. कप्तान ऐकत नाही असं दिसल्यावर आपणच तिला सांगावं म्हणून तो त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला होता. म्हणजे गुन्हा करायला निघाला होता तो वकील स्वतः, हेही त्याने लपवलं नाही. दाराआडून त्याने पाहिलं तर कप्तान गाल फुगवून उभा. बहीण विचारतेय आणि हा पाण्याचा थेंब सांडत नाहीये. ते बघून वकिलाचे पाय मागे फिरले.

“चेहऱ्याचं म्हणाल तर तो मी नीट पाहिला,” वकील म्हणाला. “त्यावरून कुणालाही काही कळणं शक्य नव्हतं. बेडूक दिसत होता.”

हसू फुटलं ते आधी मास्तरांना. त्यांनी भिंगरीला विचारलं की तुला काय वाटलं होतं. ती म्हणाली की दादाची दाढ पुन्हा दुखायला लागली असावी. आणि दादाकडून काही कळलं असतं तर तिसऱ्या टेबलाशी जत्रेतल्यासारखी उभी राहिले असते का, असं तिने उलट विचारलं. पेन ओळ सोडायला गेलं तेव्हा तिला आठवलं की मघाशीही आपण एकदा उठलो होतो, मघाशीही एक सोडली असणार. ज्या सवयीने खड्ड्यात घातलं त्याच सवयीने हात देऊन वर काढलं. मास्तरांनी निकालाच्या कागदावर सही केली आणि पेन मफलरकडे सरकवलं. त्यानेही केली.

कप्तानाच्या छातीवरचं ओझं उतरलं ते तेव्हा. त्याला एकदम भूक लागली, हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि यातलं काहीही त्याने लपवलं नाही. वकील त्याच्याजवळ आला. जवळ आला तरी काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं, आणि वकिलाला शब्द सुचत नाहीत ही गोष्ट कप्तानाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

“ते पिठाचं मी मागे घेतो,” अखेर वकील म्हणाला. “माझी बहीण असती तर मी सांगितलं असतं.”

“मीही सांगणारच होतो,” कप्तान म्हणाला. “पाण्यामुळे वाचलो.”

संध्याकाळ व्हायच्या आत बाहेरच्या पायऱ्यांवर बसून दोघा भावंडांनी आईला फोन लावला. तिची ड्यूटी नुकतीच संपली होती. भिंगरीने चषकाचं सांगितलं, मग कोऱ्या ओळीचं सांगितलं, आणि हे सगळं आई, तुझ्यामुळे झालं, असंही लाडात सुनावलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, ओळ नुसती सोडायची नसते,” ती म्हणाली. “सोडली की तिच्यावर आडवी रेघ मारायची. नाहीतर मागाहून कुणीही येऊन त्यात काहीही लिहून जातं. मी कायम मारायचे. तुम्ही बघितलंच नाहीत कधी?”

रेघ त्यांनी कधी बघितलीच नव्हती. आईने रजिस्टर टेबलावर ठेवलं की दोघांचे डोळे लगेच पटाकडे असायचे. मग आईने विचारलं की दादा कुठे आहे, त्याचा आवाज कसा नाही, बरं आहे ना त्याला.

भिंगरीने फोन त्याच्या हातात दिला, मांडीवरचा कागद उघडला आणि पेनाने तेविसाव्या ओळीवर एक सरळ आडवी रेघ मारली. शेजारी कप्तानाने बोलायला सुरुवात केली होती. अगदी पहिल्यापासून, क्रीडा विभागातल्या त्या खोलीपासून, आरशापासून, काही म्हणून न गाळता. भिंगरीलाही यातलं बरंचसं नवीनच होतं. एरवी तिने कान झाकून घेतले असते. आज ती कागदाची घडी घालून त्याच्याजवळ सरकून बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.